दंड भरायला पैसेच नसतील तर?

पायवाट (धागाकर्ती)

शिक्षा भोगून झालेली असते, तरी माणूस आतच असतो. कारण निकालपत्राच्या शेवटी एक ओळ असते: दंड न भरल्यास आणखी सहा महिने साधी कैद. विधी सेवा प्राधिकरणाची स्वयंसेविका म्हणून मी तुरुंगातल्या मदत केंद्रावर बसते. बड्या खटल्यांवर सगळीकडे भरभरून बोललं जातं, या ओळीवर मात्र कुणी बोलताना दिसत नाही. म्हणून हा धागा काढते आहे.

आधी कायदा सांगते, कारण तो माहीत नसल्यामुळेच बरेच जण नाहक जास्त दिवस काढतात.

दंडाबदलीची कैद मूळ शिक्षेच्या सोबत चालत नाही, ती संपल्यावर सुरू होते. दोन वर्षं सक्तमजुरी आणि वर दंड असेल, तर दोन वर्षं भरल्यावर ही कैद लागते. खटला चालू असताना कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस मूळ शिक्षेतून वजा होतात, पण दंडाच्या कैदेतून होत नाहीत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ मध्ये हे सरळ लिहिलेलं होतं, आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६८ मध्येही तसंच आहे. म्हणजे खटला रेंगाळल्यामुळे शिक्षेहून अधिक काळ आधीच आत काढलेला माणूसही दंडाच्या पैशांपायी पुन्हा अडकू शकतो.

या कैदेला कमाल मर्यादा आहे. ज्या गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्ही आहेत, तिथे त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. नुसताच दंड असलेल्या गुन्ह्यात भारतीय न्याय संहितेचं कलम ८ म्हणतं: ५,००० रुपयांपर्यंतच्या दंडाला दोन महिन्यांपर्यंत, १०,००० पर्यंतच्या दंडाला चार महिन्यांपर्यंत, त्यापुढे कितीही असला तरी एक वर्षापर्यंत, आणि तीही साधी कैद. जुन्या दंड संहितेत हेच टप्पे ५० आणि १०० रुपयांचे होते.

सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच, आदमजी उमर दलाल विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सांगून ठेवलं आहे की दंड ठरवताना गुन्ह्याच्या स्वरूपाइतकाच आरोपीच्या आर्थिक स्थितीचाही विचार झाला पाहिजे. २००७ मध्ये शांतिलाल खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. दंड न भरल्याबद्दलची कैद ही गुन्ह्याची शिक्षा नाही, ती दंड न भरण्याचा परिणाम आहे. म्हणून ती ठरवताना आरोपीची ऐपत पाहायला हवी.

माझं म्हणणं एवढंच आहे की ऐपतीचा प्रश्न वसुलीच्या वेळी विचारून उपयोग नाही, तो दंडाचा आकडा ठरण्याआधी विचारला गेला पाहिजे. मला भेटलेल्या बहुतेक बंद्यांना तो कुणीच विचारलेला नव्हता. 'तू काय काम करतोस, किती मिळतात, घरी खाणारी तोंडं किती' एवढे तीन प्रश्न. त्याला दोन मिनिटं पुरतात.

तुमचे अनुभव, मतं, दुसरीकडच्या पद्धती, सगळं लिहा.

काळा_कोट

चांगला विषय. फौजदारी वकिली करतो, त्यामुळे आतली बाजू सांगतो.

सत्र खटल्यात आणि वॉरंट खटल्यात (म्हणजे जास्त गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांत) दोषी ठरवल्यावर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीला ऐकावंच लागतं. कायद्यात ती जागा ठेवलेली आहे. प्रत्यक्षात काय होतं? आरोपीला विचारतात, 'काही सांगायचं आहे का?' तो हात जोडून म्हणतो, 'साहेब, दया करा.' वकील म्हणतात, 'पहिलाच गुन्हा आहे, घरात एकटाच कमावता आहे.' संपलं. उत्पन्नाचा कागद एकही दाखल होत नाही. मग न्यायाधीशाने आकडा ठरवायचा कशावरून? तो गुन्ह्याच्या कलमाकडे आणि स्वतःच्या नेहमीच्या सवयीकडे बघून ठरवतो. हा दोष न्यायाधीशांइतकाच आम्हा वकिलांचाही आहे.

दुसरं, हप्त्यांची सोय. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६४ प्रमाणे (जुनं ४२४) फक्त दंडाची शिक्षा असेल तर कोर्ट ३० दिवसांची मुदत देऊ शकतं, किंवा दोन अथवा तीन हप्ते पाडून देऊ शकतं. पहिला हप्ता ३० दिवसांच्या आत, पुढचे ३०-३० दिवसांच्या अंतराने. तोवर दंडाची कैद स्थगित राहते आणि आरोपी बंधपत्रावर बाहेर असतो. पण हे मागावं लागतं. निकाल सुनावला की त्याच बैठकीत उभं राहून मागायचं. एकदा आरोपीची रवानगी झाली की सगळं अवघड होतं.

'फक्त दंडाची शिक्षा असेल तर' हे शब्द लक्षात ठेवा. कैद अधिक दंड अशी शिक्षा असलेल्यांना हे कलम लागू नाही. पायवाटताईंना जी माणसं भेटतात ती बहुधा याच गटातली आहेत.

सरळरेघ

विषय महत्त्वाचा आहे, पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे म्हणून लिहितो. दंड ही शिक्षा आहे, फी नाही. ती बोचलीच पाहिजे. 'परवडत नाही' म्हटलं की कमी होणार असेल, तर उद्या प्रत्येक जण परवडत नाही असंच म्हणेल. आपल्याकडे खऱ्या उत्पन्नाचा कागद कितीजणांकडे असतो? रोखीने कमावणारा व्यापारी कागदावर गरीब दिसेल, आणि पगारपत्रक असलेला कारकून श्रीमंत. मग प्रामाणिक माणसालाच जास्त दंड होणार. शिवाय मागे कैदेची भीती नसेल तर दंड भरेल कोण?

ऱ्हाईनकाठ

सरळरेघ, तुमचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मी जर्मनीत राहतो, इथे या प्रश्नावर एक तोडगा काढलेला आहे. तो सांगतो, आणि तो कुठे फसतो तेही सांगतो.

इथे दंड रकमेत नाही, दिवसांत ठोठावतात. न्यायाधीश आधी गुन्हा किती गंभीर ते बघून दिवस ठरवतो, एका गुन्ह्याला साधारणपणे ५ ते ३६० दिवस. मग आरोपीचं निव्वळ उत्पन्न बघून एका दिवसाची रक्कम ठरवतो. ती १ युरोपासून ३०,००० युरोपर्यंत असू शकते. समजा गुन्ह्याला ४० दिवस. एकाची दिवसाची रक्कम १५ युरो ठरली तर तो ६०० भरेल, दुसऱ्याची २०० ठरली तर तो ८,००० भरेल. दोघांची शिक्षा मात्र तीच: चाळीस दिवसांची कमाई. गरिबाला सूट मिळालेली नाही, दोघांनाही सारखंच बोचलं आहे.

ही कल्पना नवी नाही. फिनलंडने १९२१ मध्ये सुरू केली, स्वीडनने १९३१ मध्ये, डेन्मार्कने १९३९ मध्ये, जर्मनीत १९७५ पासून आहे. फिनलंडमध्ये २००२ साली नोकियाच्या एका बड्या अधिकाऱ्याला मोटरसायकल जोरात चालवल्याबद्दल १,१६,००० युरो दंड झाल्याची बातमी जगभर गाजली होती. पुढे त्याचं उत्पन्न घटल्याचं दाखवल्यावर तो दंड बराच कमी झाला. म्हणजे ऐपतीचा हिशेब श्रीमंतालाही लागू होतो.

आता फसतो कुठे. दंड भरला नाही तर इथेही तुरुंग आहे. पूर्वी दंडाच्या एका दिवसाला तुरुंगाचा एक दिवस असं गणित होतं, फेब्रुवारी २०२४ पासून दोन दिवसांना एक दिवस केलं आहे. बरेचसे किरकोळ खटले सुनावणीशिवाय, लेखी आदेशावर निकालात निघतात. आरोपीला कुणी पाहिलेलंच नसतं, आणि उत्पन्नाची माहिती नसेल तर कायदा अंदाज बांधायची मुभा देतो. मग बेघर माणसाचा, व्यसनात अडकलेल्याचा अंदाज चुकतो. पत्र त्याला मिळत नाही किंवा कळत नाही, आणि विनातिकीट प्रवासासारख्या गुन्ह्यापायी तो तुरुंगात पोचतो. श्रमदान करून दंड फेडायची सोय आहे, पण त्यासाठीही आधी अर्ज करावा लागतो.

थोडक्यात, पायवाटताईंचं म्हणणं इथेही खरं ठरतं. ऐपत बघून दंड लावायचा कायदा असूनही, माणसाला समोर बसवून विचारलं नाही तर शेवट तोच होतो.

शब्दवेल

+१ ऱ्हाईनकाठ. फार उपयुक्त माहिती.

एक शंका: आता नव्या न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आली आहे ना? मग ज्याच्याकडे दंडाला पैसे नाहीत त्याच्याकडून समाजसेवा करून घेता येणार नाही का?

काळा_कोट

@शब्दवेल, हा गैरसमज खूप पसरला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

१ जुलै २०२४ पासून समाजसेवा ही शिक्षा म्हणून आली हे खरं. पण ती मोजक्या सहा गुन्ह्यांपुरती आहे. त्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असून माल परत केला असेल तर ती आहे, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घालणं आहे, बदनामी आहे. ही समाजसेवा दंडाच्या ऐवजी द्यायची स्वतंत्र शिक्षा आहे. आधी दंड झाला, तो भरता आला नाही, म्हणून आता समाजसेवा करून फेडतो, अशी तरतूद आपल्याकडे नाही. शिवाय समाजसेवा केली नाही तर त्याबद्दलही कैद आहेच.

माझ्या मते हे संधी हुकल्यासारखं झालं. नवा कायदा लिहिताना दंड फेडायचा मार्ग म्हणून समाजसेवा ठेवता आली असती, आणि कैद अधिक दंड झालेल्यांनाही हप्ते देता आले असते. यातलं काहीच झालं नाही. रकमा तेवढ्या वाढल्या.

अटलांटिकपार

अमेरिकेतले तीन निकाल इथे सांगण्यासारखे आहेत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न टप्प्याटप्प्याने सोडवत नेला.

१९७० मध्ये विल्यम्स विरुद्ध इलिनॉय. न्यायालय म्हणालं, दंड भरता येत नाही एवढ्या कारणावरून गरीब माणसाला त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेपेक्षा जास्त काळ आत ठेवता येणार नाही. १९७१ मध्ये टेट विरुद्ध शॉर्ट. वाहतुकीच्या गुन्ह्यांचा ४२५ डॉलर दंड होता, गुन्हे निव्वळ दंडाचे होते, तरी पैसे नाहीत म्हणून दिवसाला ५ डॉलर या हिशेबाने ८५ दिवस तुरुंगात फेडायला लावलं होतं. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं.

मग १९८३ मध्ये बिअर्डन विरुद्ध जॉर्जिया. हा खटला मला सगळ्यात जवळचा वाटतो. त्या माणसाला ५०० डॉलर दंड आणि २५० डॉलर भरपाई होती. त्याने आईवडिलांकडून उसने घेऊन पहिले २०० भरले. मग नोकरी गेली. त्याला धड वाचताही येत नव्हतं, दुसरं काम मिळेना. पैसे थकले, तर कोर्टाने त्याची प्रोबेशन (अटींवर तुरुंगाबाहेर राहायची सवलत) रद्द करून तुरुंगात टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आधी चौकशी करा, पैसे का भरले नाहीत? ऐपत असून टाळले असतील तर खुशाल तुरुंगात घाला. खरोखर प्रयत्न करूनही जमलं नसेल, तर आधी दुसरे उपाय बघा: मुदत वाढवा, रक्कम कमी करा, श्रमदान द्या. तुरुंग अगदी शेवटी.

सरळरेघ यांच्या 'प्रत्येक जण परवडत नाही म्हणेल' या मुद्द्याला माझं उत्तर हेच आहे. म्हणेल, जरूर म्हणेल. पण ते खरं की खोटं ते तपासायचं काम कोर्टाचं आहे. कोर्टं याहून कितीतरी अवघड गोष्टींचा खरेखोटेपणा रोज ठरवत असतात.

निकालाने सगळं सुधारलं असं मात्र नाही. २०१५ मध्ये फर्ग्युसन शहराबद्दल अमेरिकी न्याय खात्याने दिलेला अहवाल मिळाल्यास जरूर वाचा. तिथलं पोलीस खातं आणि नगर न्यायालय दंडाकडे शहराच्या उत्पन्नाचा मार्ग म्हणून बघत होतं. किरकोळ दंड थकले की अटक वॉरंट, त्यावर आणखी आकार, आणि रक्कम वाढतच जायची.

सरळरेघ

@अटलांटिकपार, 'टाळलं की जमलं नाही' हा फरक मला पटला. हेतुपुरस्सर न भरणाऱ्याला तुरुंग हवाच, त्यावर आपलं एकमत आहे. पण चौकशी करायची कधी? खालच्या कोर्टात एका दिवसाच्या बोर्डावर प्रकरणांची केवढी रीघ असते! प्रत्येक किरकोळ दंडासाठी उत्पन्नाची चौकशी सुरू केली तर मूळ खटले आणखी मागे पडतील.

काळा_कोट

इंग्लंडने यावर कागदाचा उपाय केला आहे. आरोपी सुनावणीआधीच उत्पन्न-खर्चाचा एक ठराविक फॉर्म भरून देतो. दंडाचे पट्टे आठवड्याच्या उत्पन्नावर बांधलेले आहेत: सगळ्यात खालच्या पट्ट्याचा आरंभबिंदू आठवड्याच्या उत्पन्नाच्या निम्मा, त्याच्या वरचा पूर्ण उत्पन्नाइतका, त्याच्या वरचा दीडपट. माहिती दिली नाही तर कोर्ट आपला अंदाज धरतं, त्यामुळे फॉर्म भरण्यात आरोपीचाच फायदा असतो. दंड थकला तर पगारातून किंवा सरकारी भत्त्यातून कापून घेतात. तुरुंगात पाठवायचं तर सर्वसाधारणपणे आधी ऐपतीची चौकशी करून, त्याने जाणूनबुजून नकार दिला किंवा अक्षम्य हयगय केली असा निष्कर्ष काढावा लागतो.

तिथेही ठेच लागलेली आहे. १९९२ मध्ये त्यांनी जर्मनीसारखी उत्पन्नाच्या हिशेबाची पद्धत काटेकोर सूत्रात बसवली. फॉर्म न भरणाऱ्यांना वरच्या टोकाचा दर लागायचा, त्यामुळे क्षुल्लक गुन्ह्यांना अवाढव्य दंड झाल्याच्या बातम्या आल्या, आणि १९९३ मध्ये पद्धत गुंडाळली. तत्त्व टिकलं, सूत्र गेलं.

वेळेबद्दल म्हणाल, तर दोन मिनिटं आता वाचवून पुढे काय होतं ते बघा. जप्ती वॉरंट निघतं, पोलीस ते घेऊन फिरतात, घरात जप्त करण्यासारखं काही नसल्याचा अहवाल येतो. किंवा तुरुंग त्या माणसाला महिनोन्‌महिने सांभाळतो. यात सरकारचा वेळ आणि पैसा त्या दंडाहून जास्त जात असणार याबद्दल मला तरी शंका नाही.

न्यायासाठी_थांबलेली

मी जरा वेगळ्या जागेवरून लिहिते आहे. मी फिर्यादी आहे. माझे पैसे अडकलेले आहेत, चेक वटला नाही म्हणून खटला केला. आरोपीने पहिल्या तारखेपासून 'माझ्याकडे काही नाही' हेच पालुपद लावलं आहे, आणि त्याचं राहणीमान मी डोळ्यांनी बघते. अशा खटल्यात चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो आणि त्यातून फिर्यादीला भरपाई मिळते, असं वकिलांनी सांगितलं. हा धागा वाचून काळजी वाटली. ऐपतीच्या नावाखाली माझी भरपाईच उडाली तर?

गरिबाला तुरुंगात डांबू नये, मान्य. पण दंडाच्या त्या रकमेमागे कधीकधी दुसरा एक अडलेला माणूस असतो, हेही लक्षात ठेवा.

पायवाट

@न्यायासाठी_थांबलेली, बरं झालं लिहिलंत. हा भाग माझ्या मूळ लेखात यायला हवा तितका आला नव्हता.

सरकारच्या तिजोरीत जाणारा दंड आणि पीडिताला मिळणारी भरपाई यांना कायदाही वेगळं वागवतो. दंडाबदलीची पूर्ण कैद भोगून झाली की सरकारी दंडासाठी सहसा जप्ती करता येत नाही. करायचीच तर न्यायालयाला खास कारणं लेखी नोंदवावी लागतात. पण दंडातून भरपाई द्यायचा आदेश असेल तर माणूस कैद भोगून आला तरी वसुली चालू राहू शकते. तेव्हा तुमचा हक्क आरोपीच्या कैदेने संपत नाही.

आणि तुमच्या खटल्यात नीट चौकशी झाली तर ती तुमच्याच बाजूने जाईल. त्याच्या नावावर काय आहे, खात्यांत काय हालचाल आहे, हे तुम्ही कोर्टापुढे आणू शकता. ऐपत विचारायची म्हणजे गरीब कोण ते शोधायचं, तसंच गरिबीचं सोंग कोण घेतंय तेही शोधायचं.

भरपाईबाबतही १९८८ च्या हरिसिंग विरुद्ध सुखबीरसिंग या निकालात हेच सूत्र आहे. न्यायालयांनी भरपाईचा अधिकार मोकळेपणाने वापरावा, पण रक्कम वाजवी असावी, देणाऱ्याची कुवत बघावी, लागल्यास मुदत आणि हप्ते द्यावेत. हप्त्याने का होईना, पैसे हातात पडणं हे फिर्यादीच्याही हिताचंच आहे.

मुक्काम_पोस्ट

नमस्कार. वाचनमात्र होतो, पण आज गरज पडली म्हणून विचारतो. माझ्या मेहुण्याला मारामारीच्या केसमध्ये कैद आणि १५,००० रुपये दंड झाला होता, दंड न भरल्यास तीन महिने साधी कैद. मूळ कैद संपली, आता दंडाची चालू आहे, वीस दिवस झाले. घरच्यांनी ९,००० जमवले आहेत. आम्हाला कुणीतरी सांगितलं की पूर्ण रक्कम असेल तरच घेतात, अर्धवट भरून काही उपयोग नाही. हे खरं आहे का?

काळा_कोट

खरं नाही. कृपया आजच हालचाल करा.

जेवढा दंड भराल तेवढ्या प्रमाणात कैद कमी होते. हे जुन्या दंड संहितेतही होतं, नव्यातही आहे. तुमचा हिशेब असा: १५,००० पैकी ९,००० भरले की ६,००० उरले, म्हणजे पाच हिश्शांतले दोन. तीन महिन्यांचे ढोबळ ९० दिवस धरले तर त्याचे पाच हिश्शांतले दोन म्हणजे ३६ दिवस. वीस भोगून झाले आहेत, म्हणजे आणखी साधारण सोळा. पूर्ण भरलात तर ज्या क्षणी भरले त्या क्षणी कैद संपते, मग कितीही दिवस बाकी असोत.

पैसे भरताना मूळ खटल्याचा क्रमांक आणि निकालाची तारीख सोबत ठेवा. ज्या कोर्टाने शिक्षा दिली तिथे भरा, पावती घ्या, आणि तुरुंगाला कळवायचं पत्र कोर्टाकडून निघाल्याची खात्री करा.

निवृत्त_लिपिक

वकीलसाहेबांच्या शेवटच्या वाक्यावर मी बोट ठेवतो. आयुष्य कोर्टाच्या कचेरीत गेलं, म्हणून सांगतो. पैसे भरले की काम झालं असं समजून नातेवाईक घरी जातात, आणि पत्र टेबलावर पडून राहतं. तुरुंगाधिकारी कागद हातात पडल्याशिवाय सोडू शकत नाही, त्यात त्याची चूक नसते. तेव्हा जावक क्रमांक मागून घ्या. पावतीची झेरॉक्स स्वतः तुरुंगात नेऊन द्या. पुढे सुट्ट्या असतील तर आदल्या दिवसाची वाट बघू नका.

ज्यांचा निकाल संध्याकाळी लागतो त्यांनाही हे लागू. रोकड जमा करायची वेळ टळून गेली की हातात पैसे असूनही माणसाला रात्र आत काढावी लागलेली मी पाहिली आहे. आता ई-कोर्टाच्या ई-पे वर दंड ऑनलाइन भरायची सोय झाली आहे, ती वापरता येते का ते आधीच विचारून ठेवा.

पायवाट

@मुक्काम_पोस्ट, उरलेल्या ६,००० साठी आणखी एक दार आहे. २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने गरीब कैद्यांना साहाय्य करणारी योजना आणली. शिक्षा झालेल्या कैद्याचा २५,००० रुपयांपर्यंतचा दंड तिच्यातून भरता येतो. प्रत्येक जिल्ह्यात यासाठी अधिकारप्राप्त समिती आहे. त्यात जिल्हाधिकारी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, तुरुंग अधीक्षक वगैरे असतात. तुम्ही तुरुंग अधीक्षकांकडे किंवा थेट विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्नाची अट न लावता, वकील मोफत मिळायचा हक्क आहे. अर्ज लिहायलाही तिथेच मदत मिळेल.

पण समितीच्या बैठकीची वाट बघत बसू नका. हातातले ९,००० आधी भरा, अर्ज समांतर चालू द्या.

याच योजनेबद्दल माझी एक तक्रार आहे. अमली पदार्थांच्या कायद्याखालच्या दंडापुढे तिची २५,००० ची रक्कम फारच तोकडी आहे. या कायद्यात व्यावसायिक प्रमाणातला माल सापडला तर किमान दंडच १,००,००० रुपये आहे. न्यायाधीशाला वाटलं तरी तो त्याखाली जाऊ शकत नाही. सूत्रधारासाठी ती रक्कम काहीच नाही. पोतं वाहून नेणाऱ्या हमालाने ती आणायची कुठून? जिथे दंड सगळ्यात मोठा आणि माणूस अनेकदा सगळ्यात गरीब, तिथेच योजना तोकडी पडते.

काळा_कोट

तिथे एक वाट उरते. दंडाला किमान मर्यादा आहे, दंडाबदलीच्या कैदेला नाही. शहेजादखान पठाण विरुद्ध गुजरात राज्य या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दीड लाखाचा दंड कायम ठेवला, पण त्याबदली दिलेली तीन वर्षांची कैद सहा महिन्यांवर आणली, कारण आरोपी गरीब होता. शरद हिरू कोळंबे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २०१८, यात न्यायालयाने स्पष्ट केलं की वेगवेगळ्या दंडांबदलीच्या कैदा एकाच वेळी चालवता येत नाहीत, त्या एकापाठोपाठ भोगाव्या लागतात. पण त्याच निकालात त्या कैदांची मुदतही कमी करून दिली.

म्हणून अपील करताना 'निर्दोष सोडा' एवढीच मागणी लिहू नका. दोषसिद्धी टिकली तर दंडाबदलीची कैद कमी करावी, ही पर्यायी मागणी वेगळी लिहा, आणि सोबत उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, घरातल्या अवलंबून असलेल्यांची माहिती जोडा. ही मागणी न केल्यामुळे गमावलेली प्रकरणं मी पाहिली आहेत.

सरळरेघ

एक शेवटचा प्रश्न, खरोखर माहिती हवी म्हणून. समजा दंड भरलाच नाही आणि कैदही भोगली नाही, माणूस नुसता राहून गेला. सरकार किती वर्षं मागे लागू शकतं?

काळा_कोट

शिक्षा सुनावल्यापासून सहा वर्षं. मूळ कैद सहा वर्षांहून मोठी असेल तर ती संपेपर्यंत. कोर्ट जंगम मालमत्तेच्या जप्तीचं वॉरंट काढू शकतं किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करू शकतं. मधेच माणूस वारला तरी त्याच्या मालमत्तेवरची जबाबदारी संपत नाही. वारसांच्या स्वतःच्या कमाईला मात्र हात लागत नाही.

मुक्काम_पोस्ट

सर्वांचे आभार. ९,००० भरले, पावती आणि जावक क्रमांक दोन्ही घेतलं. विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दिला आहे. तिथल्या बाईंनी मेहुण्याच्या उत्पन्नाचा दाखला मागितला, तो तलाठ्याकडे टाकला आहे. दाखला यायला वेळ लागला तर रेशन कार्डावर चालेल का?

पायवाट

रेशन कार्ड आत्ताच देऊन ठेवा, आणि दाखल्यासाठी अर्ज केल्याची पोच सोबत जोडा. दाखला आला की मागाहून द्या. सचिवांना सांगा की कैद चालू आहे आणि दिवस मोजके उरले आहेत, म्हणजे प्रकरण पुढच्या बैठकीपर्यंत पडून राहणार नाही. अडलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.